गच्चीवर काचेची खोली : आधी विचार, मग बांधकाम

गच्चीला काचा लावून खोली वाढविण्यापूर्वी तीन बाबी तपासणे आवश्यक ठरते. पहिली, परवानगी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ अन्वये विनापरवाना बांधकाम पाडण्याची नोटीस बजावता येते. गृहनिर्माण संस्थेची संमती हा महापालिकेच्या मंजुरीला पर्याय नव्हे. दुसरी, भार. काच व लोखंडाचे वजन स्लॅबला पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. तिसरी, हवामान. काचेतून ऊन आत येते. आतली उष्णता मात्र सहज बाहेर पडत नाही. त्यामुळे पश्चिमेकडील खोली उन्हाळ्यात दुपारनंतर भट्टीसारखी तापते, तर पावसाळ्यात सांध्यांतून गळतीचा धोका असतो. केवळ सावलीच हवी असेल, तर वेलींचा मांडव वा बांबूचे पडदे स्वस्त आणि सोयीचे ठरतात.