माळ्यावरचा मुका ट्रान्झिस्टर

जुनी नाणी, जुनी तिकिटे, अडकित्ते आणि पानदाने जमवणारे गृहस्थ आपल्या परिचयाचे असतात. त्यांच्या पंक्तीला आणखी एक मंडळी येऊन बसली आहेत. ती म्हणजे जुने शॉर्टवेव्ह ट्रान्झिस्टर जमवणारे. नाणे गप्प राहिले म्हणून त्याचे काही अडत नाही. रेडिओचे तसे नव्हे. मुका रेडिओ हा निम्माच रेडिओ. म्हणून या छंदात जमवण्याइतकेच बोलते करण्याला महत्त्व आहे. आणि पेटी बोलती करू जावे तो तिचा सारा इतिहास पुढे उभा राहतो.

डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. पुढे 1956 साली शॉक्ली यांच्यासह या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. 1954 साली ‘रीजन्सी टीआर-1’ हा खिशात मावणारा रेडिओ बाजारात आला. आत ट्रान्झिस्टर अवघे 4, किंमत 49.95 डॉलर. पण त्याला ऐकू येत ती फक्त मध्यम लहरींवरची, म्हणजे आसपासची केंद्रे. सातासमुद्रापलीकडचे बोल आणणाऱ्या लघुलहरी त्याच्या आवाक्याबाहेर होत्या.

कारण साधे होते. मध्यम लहरी सेकंदाला 10 लाखांच्या आसपास कंप पावतात. लघुलहरींची कंपने 60 लाखांपासून 2 कोटींच्याही वर जातात. ट्रान्झिस्टरच्या मधल्या थरातून विद्युत्भाराने तेवढ्या घाईने पलीकडे जावे लागते. उंबरठा रुंद आणि ओलांडायला वेळ थोडा, अशी त्या बिचाऱ्याची गत होई. हा उंबरठा अरुंद करणे हीच खरी कारागिरी. 1957 साली झेनिथ कंपनीचा ‘रॉयल 1000 ट्रान्स-ओशनिक’ आला. 9 ट्रान्झिस्टरांचा हा रेडिओ शॉर्टवेव्ह ऐकवणाऱ्या पहिल्यांपैकी एक होता. किंमत 250 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने 1,190 रुपयांच्या घरात! शाळामास्तराचा कित्येक महिन्यांचा पगार त्यात गेला असता. पुढे 1960 च्या सुमारास फिलिप्सच्या घराण्यातले एएफ-114 ते एएफ-117 हे पातळ थराचे ट्रान्झिस्टर आले, आणि शॉर्टवेव्ह हळूहळू साध्या घरांतून बोलू लागली.

आपल्याकडे तिची वाट पाहणारे कान आधीच तयार होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दारच लावले. त्याच वर्षी कोलंबोहून रेडिओ सिलोनने ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. आकाशातील आयनांबरावर आदळून परतणाऱ्या लघुलहरी समुद्र ओलांडून थेट आपल्या आळीत उतरू लागल्या. 1957 साली विविध भारती सुरू झाली, तरी सिलोनची चटक सुटली नाही. मात्र व्हॉल्व्हच्या रेडिओला विजेचे घर किंवा जडशीळ बॅटरी हवी. ट्रान्झिस्टरला चार सेल पुरत. जिथे विजेचा खांब पोचला नव्हता, तिथे खळ्यावर, बैलगाडीत, मोटेच्या धावेवर जग ऐकू येऊ लागले.

आता गंमत पाहा. ज्या एएफ-117 ने ही दुनिया उघडली, त्यालाच म्हातारपणी एक विचित्र दुखणे जडते. त्याच्या धातूच्या टोपीला आतून कथिलाचा मुलामा असतो. वर्षानुवर्षे नुसते पडून राहिल्याने त्या कथिलाला केसासारखे बारीक तंतू फुटतात. असा तंतू आतल्या भागाला टेकला की विजेला आडवाट मिळते आणि रेडिओ मुका होतो. जाणता कारागीर टोपीला जोडलेली चौथी तार अलगद कापतो, आणि पुष्कळदा साठ वर्षांचा म्हातारा पुन्हा खाकरून बोलू लागतो.

हे ठाऊक नसल्यामुळे किती तरी पेट्या भंगारात जातात. काही हौशी लोक आतले सारे उपटून तिथे नवे यंत्र बसवतात. वरून रेडिओ जुना, आवाज भलत्याचाच! बीबीसीच्या हिंदी सेवेचे शॉर्टवेव्ह प्रसारण 31 जानेवारी 2020 रोजी थांबले. लघुलहरींवर काही देश आजही बोलतात, पण पूर्वीची दाटी ओसरली. जी केंद्रे बंद झाली ती कोणा संग्राहकाला जमवता यावयाची नाहीत. त्यांना ऐकणारा कान तेवढा आपल्या हाती उरला आहे.

तेव्हा यंदाच्या साफसफाईत माळ्यावर असा एखादा ट्रान्झिस्टर सापडला, तर आधी त्यातले गळके सेल काढा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: हा कोणी घेतला, केव्हा, त्यावर काय ऐकत असत? ते कागदावर लिहून तो कागद त्याच्या कातडी पिशवीत ठेवा. मुका ट्रान्झिस्टर कारागीर बोलता करील. ही उत्तरे मात्र घरच्या माणसांनाच देता येतील, आणि तीही ती माणसे आहेत तोवरच.