चढाईची पारख: मंडणगडच्या मातीपासून प्रो कबड्डीच्या मॅटपर्यंत

कबड्डीत संघाला गुण मिळतात ते मुख्यतः चढाईने आणि पकडीने. पकड सगळ्या संघाची असते, चढाई एकट्याची. म्हणून नव्या हंगामाआधी एखाद्या संघाचे बळ जोखायचे झाले की बोलणे आधी चढाईवर येते. मुख्य चढाईपटू कोण, तो बाद झाला तर मागे कोण उरते, आणि शेवटच्या पाच मिनिटांत दम कोणाचा टिकतो, हे प्रश्न रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकावरच्या मंडणगड तालुक्यातील वाडीच्या संघाला लागू पडतात आणि लिलावात कोट्यवधी रुपये मोजणाऱ्या संघालाही. त्यांची उत्तरे शोधण्याची रीत मात्र गेल्या शंभर वर्षांत नियमांबरोबर बदलत गेली.

मंडणगड तालुक्याच्या उत्तरेला सावित्री नदी, पश्चिमेला बाणकोट आणि वेळासचा किनारा, दक्षिणेला दापोली. मधला मुलूख डोंगरउताराचा, भातखाचरांचा. पावसाळ्याचे चार महिने इथे मैदान नावाची गोष्ट उरत नाही. भातकापणी आटोपली, खाचरे वाळली की हुतुतूला, म्हणजे जुन्या कबड्डीला, जागा मिळायची. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत गावोगावी सामने रंगत, आणि शिमग्याला मुंबईहून चाकरमानी आले की वाडीचा संघ खऱ्या अर्थाने पुरा होई. इथला हंगाम पंचांगाने आणि पावसाने ठरवला, कोणत्या संघटनेने नव्हे. हंगामाआधीची पारखही त्यामुळे अंदाजाचीच असे, कारण निम्मे खेळाडू सणाला रजा मिळेल की नाही या विवंचनेत मुंबईला बसलेले असत.

हुतुतूच्या नियमांची बांधणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत झाली. सातारा, पुणे आणि बडोदा येथील मंडळींनी त्यात पुढाकार घेतला. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. त्या काळात खेळाचे तीन प्रकार चालत. गामिनीत बाद झालेला गडी संघातले सगळे बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक जिवंत होई. अमर प्रकारात बाद झालेला मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजले जात.

चढाईची किंमत ठरवताना हा फरक मोठा होता. गामिनीत भरवशाचा चढाईपटू लवकर गेला तर तो डाव संपेपर्यंत परतायचा नाही. साहजिकच त्याला राखून ठेवणे आणि आधी इतरांना पाठवणे यात शहाणपण होते. अमरमध्ये बाद होण्याची भीतीच नसल्याने अंगावर जाऊन खेळणारा धाडसी गडी मोलाचा ठरे. पुढे संजीवनीचे तत्त्व टिकले आणि आजच्या कबड्डीचा पाया झाले. संजीवनीत चढाईपटूची एक यशस्वी चढाई दुहेरी काम करते: समोरचा गडी कमी होतो आणि आपला एक आत येतो. उलट तो पकडला गेला तर त्याला परत आणण्यासाठी पकडपटूंना राबावे लागते. एखाद्या संघाची चढाई कमजोर आहे असे म्हणताना पुष्कळदा खरी उणीव पकडीत असते, कारण मुख्य चढाईपटू बाकावर बसून राहतो आणि त्याला जिवंत करणारी पकड होत नाही. गुणफलक पाहून मत बनवणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

मंडणगडच्या खेळाला खरे वळण मुंबईने दिले. तालुक्यात आजही रेल्वे नाही. कोकण रेल्वे खेडवरून जाते. जुन्या काळी किनाऱ्यावरच्या बंदरांतून आगबोटीने मुंबई गाठायची आणि गिरणीत लागायचे, हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या हजारो कुटुंबांचा रस्ता होता. लालबाग, परळ, नायगाव, वरळी या गिरणगावात गावोगावच्या मंडळींच्या सामायिक खोल्या होत्या, आणि त्यांच्याच आसपास व्यायामशाळा आणि क्रीडा मंडळे उभी राहिली. दादरचे अमर हिंद मंडळ, विजय क्लब यांसारख्या संस्थांनी मुंबईच्या कबड्डीला शिस्त दिली. गावच्या खाचरात तयार झालेला मुलगा पाळी सुटल्यावर चाळीजवळच्या मैदानात खेळे आणि सणाला गावी येई तेव्हा शहरातले नवे डाव घेऊन येई. दुहेरी पट (पायांची पकड) कसा सोडवायचा, कोपरारक्षकाला बाहेर कसे खेचायचे, राखीव क्षेत्राचा वापर केव्हा करायचा, हे शिक्षण अशा ये-जा करणाऱ्यांनी पोचवले.

१९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. महाराष्ट्रात हा खेळ घराघरांत नेण्याचे श्रेय शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांना दिले जाते. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. पुढच्या काळात रेल्वे, बँका आणि मोठ्या कंपन्यांनी आपापले संघ बांधले. राज्यातल्या स्पर्धांत व्यावसायिक गट म्हणून हेच संघ उतरत. खेळावर नोकरी मिळू लागल्यावर पारख करणाऱ्याचे काम गंभीर झाले. वाडीचा संघ निवडताना चूक झाली तर शिमग्यापुरती नाचक्की. कंपनीच्या निवड समितीची चूक मात्र वर्षानुवर्षे पगारपत्रकावर राहायची. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा आधार सुटला तेव्हा कोकणातल्या चांगल्या खेळाडूसाठी अशी नोकरी हेच मोठे आशास्थान उरले.

त्या काळच्या निवडीत आकडे फारसे नसत. दम मात्र पाहत. चढाई जितका वेळ श्वास न तोडता कबड्डीचा उच्चार चालेल तितकीच. म्हणजे छातीचा भाता हा चढाईपटूचा पहिला गुण. दुसरा गुण पायांचा. मातीवर अनवाणी खेळताना तळपाय कधी रुततो, कधी घसरतो, आणि वळताना तोल सांभाळणारा गडीच मध्य रेषा गाठतो. मातीत वाढलेले चढाईपटू त्यामुळे हाताने टिपण्यापेक्षा पायाने गडी मारण्यात आणि कमरेच्या झुकांडीत तरबेज असत. उंच, लांब हातांचा गडी असला तर तो अधिकच उपयोगी, पण उंचीमुळे त्याचा पट लवकर निघतो हेही जाणते लोक विसरत नसत.

पुढे खेळ मॅटवर गेला, बूट आले आणि चढाईला ३० सेकंदांचे घड्याळ लागले. दमाची जागा वेळेच्या हिशेबाने घेतली. २०-२० मिनिटांच्या दोन डावांत प्रत्येक चढाईने पूर्ण वेळ घेतला तर एकूण ८० चढाया बसतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला सुमारे ४०. या ४० संधी कोणात कशा वाटायच्या, हाच आता संघबांधणीचा गाभा झाला आहे. पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानात मध्य रेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा अधिक गडी असतील तेव्हाच बोनस मिळतो. साहजिकच बोनस घेण्यात पटाईत असलेला चढाईपटू भरलेल्या मैदानात उपयोगाचा, तर दोन-तीन गडी उरले असताना घाईत गडी मारणारा दुसरा लागतो. संघात दोन्ही जातीचे खेळाडू हवेत.

जुलै २०१४ मध्ये मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली आणि तिने तिसऱ्या चढाईला वजन आणले. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. पूर्वी वेळ काढण्यासाठी मारलेली रिकामी चढाई निर्धोक मानली जायची. आता तिची उधारी दोन चढायांनंतर वसूल होते. ती तिसरी चढाई मुख्य खेळाडूने करायची की दुय्यमाने, यावर संघाची खरी खोली कळते. अनेक संघ हे काम दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या चढाईपटूवर सोपवतात, म्हणजे मुख्य गडी बाद होण्याची जोखीम टळते. अशा गड्याचे एकूण गुण थोडे दिसतात आणि लिलावात त्याला भाव मिळत नाही, पण संघ त्याच्यावर तरतो.

बाजाराने मात्र पहिल्यापासून मुख्य चढाईपटूलाच डोक्यावर घेतले. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला १२ लाख ८० हजार रुपयांची सर्वाधिक बोली लागली. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले गेले, आणि त्या वर्षी कोटीच्या घरात गेलेल्या खेळाडूंत मुंबईत घडलेला रिशांक देवाडिगाही होता. पाटणा पायरेट्सने तिसरा, चौथा आणि पाचवा असे सलग तीन हंगाम जिंकले तेव्हा एका चढाईपटूभोवती संघ बांधण्याचे हे गणित पटण्यासारखे होते; पाचव्या हंगामात त्यांच्या प्रदीप नरवालने चढाईत ३६९ गुण मिळवले होते.

नंतरच्या हंगामांनी त्याच गणिताचे धोके दाखवले. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो हंगामाबाहेर गेला. अंदाज बांधणाऱ्यांनी थलैवाजचे नाव खोडून टाकले असते तर ते समजण्यासारखे होते. पण नरेंदर होशियार आणि अजिंक्य पवार यांनी चढाई पेलली आणि संघ उपांत्य फेरीत पोचला. पुढच्या हंगामात पवनवर तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून अधिक खर्च केले. तो चांगला खेळला, तरी टायटन्सना २२ पैकी दोनच सामने जिंकता आले आणि ते तळाला राहिले. त्याच हंगामात पुणेरी पलटणने साखळीत १७ सामने जिंकून १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्ध २८–२५ असा अंतिम विजय मिळवला. पलटणची चढाई अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे यांच्यात वाटलेली होती. प्रतिपक्षाला एकाला अडवून भागत नव्हते.

वाटून घेतलेली चढाईही अभेद्य नसते. अकराव्या हंगामात अस्लमला दुखापत झाली आणि गतविजेत्या पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. बाराव्या हंगामात तो परतला आणि संघ पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे दबंग दिल्लीने त्यांना तीन गुणांनी हरवले. चार चढाईपटूंत गुण वाटले गेले तरी निर्णय घेणारा, कोणाला केव्हा पाठवायचे ते मैदानात ठरवणारा गडी अस्लम एकटाच होता, आणि ती उणीव आकडेवारीच्या तक्त्यात आधी दिसली नव्हती.

अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याचा कस एकूण अंतरापेक्षा दर धावेमागे किती यार्ड मिळाले यावर लावतात. कबड्डीतही एकूण गुणांपेक्षा दर चढाईमागचे गुण अधिक खरे बोलतात. त्यांच्या जोडीला तिसऱ्या चढाईतले यश, मुख्य गडी बाकावर असतानाची संघाची कमाई आणि डाव्या-उजव्या बाजूंनी चढाई करणाऱ्यांचा समतोल पाहावा लागतो. समोरचा उजवा कोपरा बळकट असेल तर त्या बाजूने सवयीने जाणारे दोघे असून उपयोग नाही.

मंडणगडसारख्या तालुक्यातून येणाऱ्या मुलाच्या बाबतीत या यादीत आणखी एका गोष्टीची भर पडते. तो बहुधा मातीत घडलेला असतो आणि निवड मॅटवर होते. मॅटवर पाय रुतत नाही, बूट धरून ठेवतो, वळण झटक्यात घ्यावे लागते. मातीतली झुकांडी तिथे अर्धीच कामी येते. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या निवड चाचणीत अशा मुलाच्या पहिल्या काही चढाया रिकाम्या जातात आणि नुसती नोंदवही पाहणारा त्याला बाजूला काढतो. जाणता प्रशिक्षक त्याला आठवडाभर मॅटवर सरावाला ठेवतो आणि मग पाहतो.