सुरकुत्या ‘कमी दिसतात’

१९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने एक रेघ ओढली. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करते ते औषध. नुसते स्वच्छ करते, रूप खुलवते ते प्रसाधन. पुढे भांडण लागले ते करावरून. प्रसाधनांवर अबकारी कर जास्त. तेव्हा पेंढरकरांच्या विकोची हळदीची क्रीम नेमकी कशात धरायची, यावर १९७०च्या दशकापासून खटले चालले. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला : आयुर्वेदिक औषध.

वय लपवणाऱ्या क्रीमांनी बरोबर उलटी वाट धरली. औषध म्हटले की पुरावे मागितले जातात, त्यापेक्षा प्रसाधन बरे. म्हणून टीव्हीवरची बाई (बहुधा पंचविशीतली) सुरकुत्या ‘कमी होतात’ म्हणत नाही, ‘कमी दिसतात’ म्हणते. त्या एका क्रियापदात कंपनीचा वकील बसलेला असतो. सुरकुत्यांवर खरोखर काम करणारे ट्रेटिनॉइन मात्र डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते, आणि त्यालाही महिने लागतात.

चिखलीच्या सोयाबीन-कपाशीच्या रानात निंदणाऱ्या बाईची कातडी वयाआधी सुरकुतते ती उन्हातल्या अतिनील किरणांनी. तिने तोंडाला गुंडाळलेला रुमाल हाच तिचा खरा उपाय, आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही. तीच बाई भांडणात ‘माझे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत’ म्हणते, तेव्हा समोरचा गप्प बसतो. वय हा तिथे हक्क असतो. २०२०मध्ये केंद्राने जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या कायद्यात दुरुस्तीचा मसुदा काढला. त्याच्या यादीत गोरेपणासोबत अकाली वार्धक्यही होते.