वार्ता गावी पोहोचली तो प्रहर

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला दप्तरात जमाबंदीचे आकडे मिळतात, वतनांच्या नोंदी मिळतात, पीकपाहणीचे तक्ते आणि सारामाफीचे अर्जही मिळतात. परंतु देशातील एखादी मोठी वार्ता त्या गावी कोणत्या वाटेने, कोणाच्या मुखाने आणि किती विलंबाने पोहोचली, याची नोंद कोणत्याही कचेरीने ठेवलेली नसते. ती नोंद असते ती माणसांच्या स्मरणात. गांधीजी गेले हे कळले तेव्हा आपण कोठे होतो, हातात कोणते काम होते, सांगणारा कोण होता आणि ऐकताच घरातील वडीलधारे काय बोलले, हे त्या पिढीतील माणसे क्षणभरही न अडखळता सांगत. आणि त्याच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवसाविषयी विचारले तर त्यांना काहीच सांगता येत नसे.

या विलक्षण शक्तीकडे पंडितांचे लक्ष फार पूर्वीच गेले आहे. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचा वध 1865 साली झाला. त्यानंतर तीन तपांच्या सुमारास कोलग्रोव्ह नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 179 प्रौढ व वृद्ध माणसांना ती वार्ता त्यांनी कशी ऐकली हे विचारले, तेव्हा त्यांपैकी 127 जणांनी स्थळ, वेळ आणि सांगणारा यांचा साद्यंत तपशील दिला. त्याचा हा अभ्यास 1899 साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास आमच्या खानदेशात तापी खोऱ्यातील लोहमार्ग सुरतेकडून नंदुरबारकडे येत होता, आणि त्याच्याबरोबर या मुलखात वार्ता येण्याची रीतच बदलत होती.

त्यापूर्वी वार्ता पायी येत असे. मामलेदार कचेरीतून हुकूम सुटे, तो पाटलाकडे येई, पाटील कोतवालाला आज्ञा करी आणि कोतवाल चौकाचौकांत दवंडी पिटी. सरकारी वार्तेचा हा राजमार्ग. लोकांची खरी वार्ता मात्र आठवड्याच्या बाजारात भेटे, आणि मीठ, कापड व बी-बियाण्याबरोबर ती गाठोड्यात बांधून घरोघर जाई. लोहमार्ग झाल्यावर नंदुरबारच्या स्थानकात तार येऊ लागली. तरीही स्थानकापासून गावापर्यंतची अखेरची मजल माणसालाच चालावी लागे, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या स्मरणात वार्तेइतकाच वार्ता आणणाराही ठसला. त्याला लागलेली धाप, त्याने मागितलेले पाणी, त्याचा बदललेला स्वर हे सारे त्या स्मृतीचे अविभाज्य अंग झाले. पुढे चावडीवर रेडिओ आला, मग घरोघर ट्रान्झिस्टर आले, आणि आठवणींतून ते चालत येणारे माणूस हळूहळू नाहीसे झाले.

चलेजावचा ठराव झाल्यावर महिन्याभरात, 9 सप्टेंबर 1942 रोजी, नंदुरबार शहरात शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पाच जण हुतात्मे झाले. शिरीषकुमार तेव्हा अवघा पंधरा वर्षांचा होता. आपल्याच तालुक्याच्या गावी, आपल्याच मुलांच्या वयाची मुले गोळ्यांना बळी पडली ही वार्ता आजूबाजूच्या गावांतील मातापित्यांनी कशी ऐकली असेल, याची कल्पनाही हृदयाला पीळ पाडते. इतिहासाच्या पुस्तकांत हुतात्म्यांची नावे आली, पण त्या ऐकण्याचा वृत्तांत कोणी लिहून घेतला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

30 जानेवारी 1948 हा शुक्रवार होता. सायंकाळी पाच वाजून गेल्यावर दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सहा वाजता आकाशवाणीने त्यांच्या निधनाची वार्ता दिली. ज्यांच्या गावी रेडिओ नव्हता त्यांना ती दुसऱ्या दिवशी, क्वचित तिसऱ्या दिवशी कळली असणार. महाराष्ट्रात तर या वार्तेपाठोपाठ मारेकऱ्याचे नाव आले, आणि त्या नावामागोमाग अनेक गावी ब्राह्मणांची घरे पेटली. त्यामुळे कित्येक कुटुंबांत शोकाची आणि भयाची अशा दोन स्मृती एकमेकींत अशा गुंतून गेल्या की त्या वेगळ्या करणे सांगणाऱ्यालाही शक्य होत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही स्मृती कितीही ठसठशीत असली तरी ती निर्दोष नसते. 28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अंतराळयान आकाशात फुटले, तेव्हा नाइसर आणि हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ती वार्ता कशी कळली हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारले. बहुतेकांची उत्तरे मूळ लेखाशी जुळली नाहीत, तरी आत्मविश्वास मात्र दांडगा होता, आणि स्वतःचे जुने हस्ताक्षर समोर ठेवल्यावरही कित्येकांना जुनी आठवण परत आली नाही. आमच्याकडेही इंदिरा गांधींच्या हत्येची वार्ता आकाशवाणीवर सकाळीच ऐकल्याचे कोणी शपथेवर सांगितले, तर 31 ऑक्टोबर 1984 च्या त्या दिवशी आकाशवाणीने निधनाची वार्ता संध्याकाळी दिली होती हे ध्यानात ठेवावे लागते. पण म्हणून ती साक्ष टाकाऊ ठरत नाही. तारीख चुकेल, प्रहर चुकेल. वार्ता बाजारातून आली की शाळेतून, गुरुजींकडून आली की एसटीच्या वाहकाकडून, हे अनेकांच्या तोंडून मिळवून ताडून पाहिले तर गावाचा जगाशी असलेला संबंध जसा कळतो तसा दुसऱ्या कोणत्याही कागदावरून कळत नाही.

1977 साली ब्राऊन आणि कुलिक यांनी दाखवून दिले की मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वधाच्या वार्तेची अशी जिवंत स्मृती गोऱ्या अमेरिकनांपेक्षा कृष्णवर्णीयांत कितीतरी अधिक आढळते. ज्याचे दुःख त्याचे स्मरण. आमच्या जिल्ह्यात याचे उदाहरण रावळापाणीचे आहे. तळोदा तालुक्यातील त्या ठिकाणी, गुलाम महाराज आणि त्यांच्यामागून रामदास महाराज यांनी मद्यत्यागाचा व सदाचाराचा उपदेश करून उभ्या केलेल्या ‘आप’ पंथाच्या आदिवासी अनुयायांवर 2 मार्च 1943 रोजी सरकारी गोळीबार झाला. नंदुरबारच्या पाच हुतात्म्यांची नावे शाळेतील मुलांना पाठ असतात. रावळापाणी हे नावही बहुसंख्य मराठी वाचकांनी ऐकलेले नसते. युद्धकाळ होता, वृत्तपत्रांवर निर्बंध होते, आणि ती वार्ता ज्या भाषेत डोंगर उतरली ती भाषा छापखान्यापर्यंत गेलीच नाही.

म्हणून धानोऱ्यात किंवा त्याच्या आसपासच्या कोणत्याही गावी हे काम जो हाती घेईल, त्याने गांधीजींपाशी थांबू नये. 1948 साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. त्याला आधी वार्ता आणणाऱ्याविषयी विचारावे, तारखेविषयी सर्वांत शेवटी विचारावे, आणि रावळापाणीविषयी विचारायचे तर ते त्याच्या घरच्या भिलीत, मावचीत किंवा पावरीत विचारावे.