माथेरानचे वाफेचे इंजिन : जतन आणि जीर्णोद्धार

भोरघाट आणि ब्रागांझा घाट यांच्या दरम्यान सह्याद्री ओलांडणारा एकही लोहमार्ग आजवर झालेला नाही. फोंडाघाटातून माल वाहिला गेला तो आधी बैलगाडीने आणि पुढे मालमोटारीने. सिंधुदुर्गात आगगाडी आली ती १९९० च्या दशकात, कोकण रेल्वेबरोबर, आणि तीही डिझेलची. कोकणच्या अंगाने डोंगर चढणाऱ्या छोट्या वाफेच्या इंजिनाचा इतिहास पाहावयाचा, तर उत्तरेस नेरळ–माथेरान मार्गाकडेच वळावे लागते.

सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या उद्योगाने हा दोन फुटी मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. सुमारे २१ किलोमीटरांच्या या मार्गावर वीस फुटांस एक फूट असा चढ आणि अत्यंत आखूड वळणे आहेत. त्यांसाठी जर्मनीतील ऑरेनस्टाइन आणि कॉपेल या कारखान्याकडून चार इंजिने आणण्यात आली. त्यांची कडेची चाके पोकळ आसांवर बसविलेली असून त्या आसांच्या आत दुसरा दांडा असतो. त्यामुळे चाके वळणावर थोडी सरकू व वळू शकतात. क्लीन आणि लिंडनर या दोघा सॅक्सन अभियंत्यांची ही योजना होय.

या योजनेचा संबंध अरण्याशीही आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने आपल्या रणमार्गांवर याच प्रकारच्या आसांची इंजिने वापरली, आणि युद्धानंतर त्यांतील अनेक इंजिने यूरोपात जंगलातील लाकूड ओढू लागली. आपल्याकडे कोचीन संस्थानाने परंबिकुळमचा साग चालकुडीस उतरविण्यासाठी माथेरानच्याच सुमारास वनमार्ग बांधला. मात्र लाकडासाठी बांधलेला तो मार्ग पुढे मोडीत निघाला. सहलीसाठी बांधलेला माथेरानचा मार्ग टिकला. असे असूनही तेथील वाफ १९८० च्या दशकाच्या आरंभी थांबलीच.

त्यानंतर काय घडले, हे अधिक बोधप्रद आहे. या इंजिनांपैकी काही चौथऱ्यांवर शोभेसाठी उभी राहिली. ७४० क्रमांकाचे इंजिन परदेशी गेले आणि इंग्लंडातील लेटन बझर्ड येथे, मूळ वाळू वाहण्यासाठी घातलेल्या दोन फुटी मार्गावर, स्वयंसेवकांच्या हातून पुन्हा चालू झाले. या शतकाच्या आरंभी दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गातील ७९४ क्रमांकाचे इंजिन तेलावर चालेल असे करून नेरळला आणले गेले. २०२० नंतर तर डिझेल इंजिनासच वाफेच्या इंजिनाचे बाह्यरूप देण्याचा प्रयोग झाला.

या सर्व प्रकारांस सरसकट ‘जतन’ म्हटले जाते. परंतु मराठीत त्याहून नेमका शब्द ‘जीर्णोद्धार’ हा आहे. देवालयाचा जीर्णोद्धार करताना चिरे बदलतात, शिखर नवे होते. तरी देवालय तेच राहते, कारण तेथील पूजा चालू राहते. वाफेच्या इंजिनाचेही तसेच आहे. बॉयलरच्या नळ्या झिजतात, भट्टीचे पत्रे बदलावे लागतात, आणि नेहमीच्या दाबाहून अधिक दाबाचे पाणी भरून बॉयलरची परीक्षा घेतल्यावाचून त्यात आग पेटविता येत नाही. म्हणजे चालते इंजिन हे नेहमी अंशतः नवेच असते. चौथऱ्यावरच्या इंजिनाचे सुटे भाग जुने राहतात; पण चढ येण्यापूर्वी पाणी किती ठेवावे आणि आग केव्हा वाढवावी, हे फायरमनचे ज्ञान त्यात नसते. ते ग्रंथात पुरते उतरत नाही. हाताखाली काम करूनच ते पुढे जाते आणि एका पिढीचा खंड पडला तरी नाहीसे होते.

माथेरान हा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहे. कोरड्या रानात कोळशाची ठिणगी उडणे इष्ट नाही, ही हरकत रास्तच आहे. परंतु तिचे उत्तर तेलावरील भट्टीने व मर्यादित फेऱ्यांनी देता येण्यासारखे आहे. डिझेलवर चढविलेल्या धुराड्याने मात्र केवळ रूप राखले जाते. प्रवाशास त्यातून कदाचित समाधान मिळेल. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यास जीर्णोद्धार म्हणू नये. जीर्णोद्धार व्हावयाचा तो कारागिरीचा, आणि ती शिकविणारी माणसे हयात आहेत तोवरच तो शक्य आहे.