गिल्बर्ट हिल : घडला कसा, उरला कसा

दादरच्या आपल्या शाळेत ‘दख्खनचे पठार’ हा धडा आम्ही तोंडपाठ केला होता, पण तो दगड नीट पाहिला नव्हता. म्हणून एका रविवारी भूगोलाच्या सरांनी आमच्या वर्गाला लोकलने अंधेरीला नेले. पश्चिमेला गावदेवी डोंगरीच्या गल्ल्यांतून वर पाहिले, तर समोर सुमारे २०० फूट उंच काळा कडा सरळ उभा! सरांनी दोनच प्रश्न विचारले : हा डोंगर घडला कसा आणि उरला कसा?

पहिल्याचे उत्तर त्यांनीच दिले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात लाव्हारसाचे थरांवर थर साचले. जाड लाव्हारस सावकाश थंड होतो, तेव्हा आकसतो आणि उन्हात सुकलेल्या चिखलासारखा तडकतो. त्या भेगा खोलवर जातात आणि दगडाचे बहुकोनी खांब तयार होतात. गिल्बर्ट हिल म्हणजे एकमेकांना चिकटून उभ्या अशा बेसॉल्टच्या खांबांची जुडी. अमेरिकेतल्या वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर असाच खांबांचा. त्याचा दगड मात्र वेगळ्या जातीचा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पायथ्याशी होते. मुंबईला पायासाठी दगड हवा होता, रस्त्यांसाठी खडी हवी होती. सभोवतालचा डोंगर दगडखाणींनी कापत नेला. आपण ज्याला निसर्गाचा कडा म्हणून पाहत होतो, त्याचा उभार पहारीने आणि सुरुंगानेही घडवला होता. आपल्या बेटावरची डोंगरीची नवरोजी टेकडी तर भरावासाठी फुटून गेली. राहिले ते नाव.

डेव्हिल्स टॉवरला १९०६ मध्येच राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. गिल्बर्ट हिलला महापालिकेच्या वारसा यादीत दुसरी श्रेणी मिळाली ती २००७ मध्ये, म्हणजे १०१ वर्षांनी. तोपर्यंत इमारती आणि वस्ती पायथ्याला भिडल्या होत्या. आजही खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी माणसे वर गावदेवीच्या दर्शनाला जातात. खांबांच्या फटींत पावसाचे पाणी शिरते, झाडांची मुळे रुजतात आणि दगड हळूहळू सैल होतो. यादीत नाव चढले म्हणून हे थांबत नाही. त्यासाठी कोणीतरी लक्ष ठेवायला हवे.

त्या रविवारी वहीत काढलेले डोंगराचे चित्र माझ्याकडे अजून आहे. सरांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा मी एका ओळीत लिहिले होते : ‘लोकांनी तोडायचा थांबवला म्हणून उरला.’ सरांनी त्यावर बरोबरची खूण केली होती. आता वाटते, उत्तर अर्धेच होते. मित्रांनो, या स्नेहसंमेलनानंतर एखाद्या सकाळी नातवंडांना घेऊन दादरहून अंधेरीची गाडी पकडा. मुलांना दोन्ही प्रश्न विचारा, आणि तिसराही : आता तो टिकवायचा कोणी?