शेक आधी की सुरी आधी?

श्रोतेहो, आपल्या मालवण पट्टीत एखादी बाई मुंबईला तपासून परत येते आणि सांगते, "ऑपरेशन नको म्हणाले, नुसता शेक घ्यायचा." लगेच घरात रडारड सुरू होते. ऑपरेशन नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असा आपला समज. तो किती खरा आहे, हे पिशवीच्या तोंडाच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचारांचा इतिहास पाहिला म्हणजे कळते.

योगायोग पाहा. १८९८ साली व्हिएन्नात वेर्टहाइम या सर्जनने गर्भाशय आजूबाजूच्या भागासह काढण्याची मोठी शस्त्रक्रिया सुरू केली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्युरी यांना रेडियमचा शोध लागला. तेव्हा पेनिसिलिन नव्हते, रक्तपेढ्या नव्हत्या. शस्त्रक्रियेत पुष्कळ बायका दगावत. १९०३ साली न्यूयॉर्कच्या डॉ. मार्गारेट क्लीव्ह्ज यांनी या रोगावर रेडियम वापरून पाहिले. यातले तत्त्व साधे आहे. कंदिलाजवळ उजेड जास्त, दूर गेले की कमी. अंतर दुप्पट झाले की किरणांचा जोर चौथाईवर येतो. म्हणून किरण देणारी वस्तू रोगाच्या जागीच ठेवली, तर गाठ जळते आणि मूत्राशयाला इजा कमी होते.

मग डॉक्टरांनी विचार केला : आधी शेकाने गाठ आकसवावी, काही आठवडे थांबावे आणि मग पिशवी काढावी. अनेक देशांत हा मार्ग चालला. अमेरिकेत मोठी गाठ असलेल्या ३६९ बायकांना असाच आधी शेक व मग शस्त्रक्रिया दिली. त्यांतल्या निम्म्यांना शेकाबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे औषधही दिले. १९९९ साली निकाल आला. तीन वर्षांनंतर औषध घेतलेल्यांपैकी शेकडा ८३ हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ७४. पण शेकानंतरची ती सुरी खरोखर लागते का? २००३ साली तेथल्याच दुसऱ्या अभ्यासात दिसले, की नुसता शेक घेतलेल्या आणि शेकानंतर पिशवी काढलेल्या बायकांच्या आयुष्यात म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. आपले चाकरमानी ज्या गिरणगावात राहत, त्याच्या शेजारीच. "टाटाला नेलं" हे शब्द कोकणातल्या घराघरांत ऐकू येतात. तेथे ६३५ बायकांवर उलट प्रश्न तपासला गेला : आधी औषधाने गाठ लहान करून मग सुरी चालवावी, की सुरी न लावता शेक आणि औषध बरोबर द्यावे? २०१८ साली निकाल छापला गेला. पाच वर्षे रोगाविना राहिलेल्या बायका सुरीच्या वाटेने शेकडा ६९, शेकाच्या वाटेने ७७. त्याच वर्षी तिथला दुसरा निकाल आला. रोग बराच पसरलेल्या ८५० बायकांत नुसत्या शेकाने पाच वर्षांनी शेकडा ४६ हयात होत्या; शेकाला औषधाची जोड दिल्यावर ५४.

तेव्हा मंडळी, गाठ लहान असेल तर शस्त्रक्रिया आजही चांगली. पण ती वाढली असेल, तर शेक हाच मुख्य उपाय आहे. तो रोग्याला सोडून दिल्याची खूण नव्हे, बरं का!

मात्र शेक अर्धवट सोडून चालत नाही. बाहेरून पाच-सहा आठवडे, मग आतून, असे सगळे आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे लागते. लावणी आली, चवथ आली म्हणून मधेच गावी परतले, तर रोगाला पुन्हा उसंत मिळते. घरच्यांनी सांगावे, "शेत आम्ही बघू, तू शेक पुरा कर."

आणि मायबहिणींनो, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर अंगावरून रक्त गेले, घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तर लाजेने लपवू नका. शिक्षकबंधूंनी व बाईंनी माता-पालकांच्या सभेत एवढे चार शब्द जरूर सांगावेत. गाठ लहान असतानाच बाई दवाखान्यात पोचली, तर शेक असो की सुरी, दोन्ही वाटा तिला खुल्या असतात.